नगर परिषदेचा ठराव आणि चवदार तळ्याचा धडा

२०२५ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्रातील २४६ नगर परिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. २१ डिसेंबरला मतमोजणी झाली, गुलाल उधळला गेला, डीजे वाजले, विजयाचे फलक चौकाचौकात लागले. आमच्या वस्त्यांतूनही मिरवणुका निघाल्या. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या प्रभागांतून आमचे बांधव आणि आमच्या भगिनी नगरसेवक झाल्या. काही गावांत थेट निवडणुकीने नगराध्यक्षपदही आमच्या वाट्याला आले. त्या सर्वांचे आम्ही अभिनंदन करतो. परंतु गुलाल धुऊन निघाल्यावर एक प्रश्न उरतोच. नगर परिषदेच्या सभागृहात जे निर्णय होतात, त्यात आमच्या समाजाचे काय? आणि त्या निर्णयांवर लक्ष ठेवणारे चळवळीत कोण आहे?

हा प्रश्न आम्ही उगाच विचारीत नाही. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगर परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे तेथे प्रशासक बसले. नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे संविधानाचे कलम २४३-यू स्पष्ट सांगते. तरीही ओबीसी आरक्षणाच्या वादाचे निमित्त झाले आणि निवडणुका लांबत गेल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. या चार वर्षांत अर्थसंकल्प मंजूर करणारा एक अधिकारी आणि तो राबविणाराही अधिकारीच होता. नळाची पट्टी वाढली, सफाईचे ठेके दिले गेले, जागांची आरक्षणे बदलली. याविरुद्ध किती मोर्चे निघाले? पुतळ्याच्या जागेसाठी आम्ही रस्त्यावर उतरतो आणि उतरलेच पाहिजे. पण आमच्या वस्तीचा हक्काचा निधी कोणत्या रस्त्यात गाडला गेला, हे विचारायला नगर परिषदेच्या पायऱ्या चढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात.

खरे तर आमच्या चळवळीचा जन्मच एका छोट्या गावाच्या नगरपालिकेच्या ठरावाशी जोडलेला आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह आम्ही दरवर्षी २० मार्चला साजरा करतो. बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि हजारो अनुयायांनी त्यांच्या मागून पाणी घेतले, हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण त्याच्या आधी आणि नंतर महाडच्या नगरपालिकेत काय झाले, याकडे आमचे फारसे लक्ष जात नाही. वकील म्हणून आम्हाला तो भाग सर्वांत जास्त शिकविणारा वाटतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारने नेमलेल्या आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. सरकारने तो मान्य करून स्थानिक संस्थांकडे पाठविला. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे पुरोगामी विचारांचे पुढारी तेव्हा महाडमध्ये होते, हे कबूल केले पाहिजे.

ठराव झाला, इतिवृत्तात लिहिला गेला, त्यावर सह्या झाल्या. पुढे काय झाले? काहीच झाले नाही. तीन वर्षांहून अधिक काळ तो ठराव दप्तरात पडून राहिला. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, परधर्माची माणसे पाणी भरीत होती, तेथे महार, चांभार, मांग यांना पाय ठेवता येत नव्हता. नगरपालिकेने ना पाटी लावली, ना शिपाई उभा केला, ना दवंडी पिटली. कागदावर तळे खुले होते आणि जमिनीवर ते बंद होते. अशा ठरावांची अंमलबजावणी होत नाही हे पाहून बोले यांनी १९२६ मध्ये पुन्हा कायदे मंडळात मागणी केली, की ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांचे आणि लोकल बोर्डांचे सरकारी अनुदान रोखावे. म्हणजे अनुदानाची नस दाबल्याशिवाय स्थानिक सत्ता हलत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीही कळलेले होते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० मार्चला बाबासाहेब अनुयायांसह तळ्यावर गेले आणि १९२४ च्या ठरावाची अंमलबजावणी त्या दिवशी जनतेने स्वतः केली. परिषदेहून परतणाऱ्या आमच्या माणसांवर सवर्णांनी हल्ले केले. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. आणि नगरपालिकेने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. जोपर्यंत ठराव कागदावर होता तोपर्यंत तो कोणाला खुपत नव्हता. अस्पृश्य तो खरा समजून तळ्यावर गेले आणि मग तो खुपू लागला.

बाबासाहेब येथे थांबले नाहीत. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा सवर्णांनी दिवाणी न्यायालयात धाव घेऊन, तळे खाजगी असल्याचा दावा करून १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्यात आली. तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम मात्र न्यायालयाचा मान राखून स्थगित झाला. त्यानंतर बाबासाहेबांनी दहा वर्षे हा दावा लढविला. १९३१ मध्ये खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल आमच्या बाजूने दिला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची रूढी असल्याचे सवर्णांना सिद्ध करता आले नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले. तळे खाजगी असल्याचा दावा टिकला नाही. ते नगरपालिकेचे, म्हणजे सार्वजनिकच ठरले.

या निकालाचा अर्थ नीट समजून घ्यावा. नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव केला म्हणून आम्हाला तळ्याचा हक्क मिळाला नव्हता, आणि १९२७ मध्ये ठराव रद्द केला म्हणून तो हक्क गेलाही नाही. तळे सार्वजनिक होते म्हणून ते आमचे होते. ठराव हक्क निर्माण करीत नाही. तो फक्त हक्काची कबुली देतो. तेव्हा कोणी नगराध्यक्ष आमच्या वस्तीत येऊन 'मी तुम्हाला नळ दिला, मी तुम्हाला गटार दिले' असे म्हणत असेल, तर त्याला सांगितले पाहिजे की तुम्ही दिले नाही, तुम्ही थकविलेले देणे फेडले. आणि दुसरा अर्थ असा, की कबुली मिळाली म्हणून घरी बसता येत नाही. महाडचा ठराव तीन वर्षे मेलेला होता, तो जिवंत झाला माणसे चालत गेली तेव्हा.

स्थानिक सत्तेबद्दल बाबासाहेबांच्या मनात भाबडेपणा कधीच नव्हता. १९३२ मध्ये मुंबई कायदे मंडळात ग्रामपंचायत विधेयक आले, तेव्हा अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसेल तर अशा पंचायतींच्या हाती सत्ता देण्यास त्यांनी ठाम विरोध केला. बहुसंख्य जातीच तेथे बसणार आणि त्याच न्याय करणार, मग अल्पसंख्य अस्पृश्याचे काय होणार, हा त्यांचा सवाल होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या कारभाराचे गोडवे गाणाऱ्यांना सडेतोड उत्तर दिले. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरपालिकांना संवैधानिक दर्जा मिळाला. कलम २४३-टी प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांना मिळाल्या. बाबासाहेबांनी १९३२ मध्ये मागितले ते साठ वर्षांनी कायद्यात आले.

पण खुर्ची मिळाली म्हणजे आवाज मिळाला असे होत नाही. राखीव प्रभागातील आमचा उमेदवार बहुतेक ठिकाणी प्रस्थापित पक्षाच्या तिकिटावर उभा असतो आणि त्याला निवडून आणणारी मते इतरांचीही असतात. पुणे करारातून जे दुखणे सुरू झाले, त्यावर कांशीरामजींनी १९८२ मध्ये 'चमचा युग' हे पुस्तक लिहिले. ते दुखणे नगर परिषदेच्या पातळीवर अधिकच तीव्र आहे, कारण येथे ठेकेदार, नगरसेवक आणि पक्षाचा तालुकाध्यक्ष अनेकदा एकाच घरात जेवतात. आमचे गट वेगवेगळे, प्रत्येकाचा तालुकाध्यक्ष वेगळा, आणि एका प्रभागात आमचेच चार उमेदवार. मग तिकीट वाटणाऱ्याचे फावले नाही तरच नवल. निवडून आलेल्या नगरसेवकाला विचारले, सभेत काही बोललात का, तर उत्तर मिळते, 'साहेब, पक्षाचा व्हिप होता.' व्हिप मतदानापुरता असतो. प्रश्न विचारायला, लेखी पत्र द्यायला, आपले म्हणणे इतिवृत्तात नोंदवा असा आग्रह धरायला कोणताही व्हिप आड येत नाही. आड येते ती भीती, आणि कधी कधी पुढच्या कामाचा ठेका.

सभागृहात निर्णय कसे होतात, हेही आमच्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. सभेची नोटीस निघते, सोबत विषयपत्रिका असते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा विषय पहिला. त्यानंतर वीस-पंचवीस विषय भराभर वाचले जातात, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. आणि सर्वांत शेवटी असते ती ओळ, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.' खरी गडबड या ओळीत असते. जागा भाड्याने देणे, ठेक्याला मुदतवाढ, आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव असे जड विषय या दारातून आत येतात, आणि आमचा नगरसेवक हजेरीपटावर सही करून चहा पीत बसलेला असतो. पुढे त्याच्याच सहीचा दाखला देऊन त्याच्याच वस्तीवर बुलडोझर येतो. एका लहान शहराच्या प्रकरणात आम्ही अशिलासाठी इतिवृत्ताची नक्कल काढली, तेव्हा वस्तीतून रस्ता काढण्याच्या ठरावाला अनुमोदन त्या वस्तीच्याच प्रतिनिधीचे निघाले. त्याला ते ठाऊकही नव्हते.

मग नव्या नगर परिषदांसमोर आम्ही कोणते विषय ठेवायचे? आमच्या मते पाच विषय तातडीचे आहेत.

पहिला विषय पैशाचा. नगर परिषदेने आपल्या अंदाजपत्रकात दुर्बल घटकांसाठी पाच टक्के तरतूद करावी, असे शासनाचे आदेश आहेत. महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठीही स्वतंत्र तरतूद आहे. दलित वस्ती सुधारणेचा निधी वेगळा येतो. अंदाजपत्रकात ही रक्कम दिसते, वर्षअखेरीस मात्र ती एक तर अखर्चित राहते किंवा वस्तीच्या नावावर भलत्याच रस्त्यावर खर्च होते. वस्तीच्या तोंडाशी कमान उभी राहते आणि आत गटार तुंबलेलेच असते. मागील पाच वर्षांची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांचा तक्ता माहितीच्या अधिकारात मागावा. २००५ चा हा कायदा गरिबाच्या हातातील शस्त्र आहे, पण ते आम्ही म्यानातच ठेवले आहे.

दुसरा विषय सफाई कामगारांचा. गावाची घाण काढण्याचे काम आजही ठराविक जातींच्याच माणसांकडे आहे. कायम पदे भरायची नाहीत, ठेकेदार नेमायचा, किमान वेतन कागदावर द्यायचे, हातमोजे आणि बूट बिलात दाखवायचे, असा कारभार चालतो. हाताने मैला साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरविणे हा गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपये भरपाई ठरविली होती, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख केली. ठेकेदाराकडे बोट दाखवून नगर परिषदेला हात झटकता येत नाहीत. वारसा हक्काने नेमणुका देण्याच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींचे तुमच्या गावात काय झाले, हेही सभेत विचारले गेले पाहिजे.

तिसरा विषय पाण्याचा. शंभर वर्षांनंतरही तो संपलेला नाही. आता कोणी घागर विटाळली म्हणत नाही, पण जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला नेमकी आमची वस्ती असते आणि पाणी तेथे पोहोचेपर्यंत मोटार लावणाऱ्यांनी ओढून घेतलेले असते. सार्वजनिक नळ बंद करायचे, घरगुती जोडणीची अनामत रक्कम मजुराला न झेपणारी ठेवायची आणि मग अवैध जोडणीचा दंड लावायचा. हे निर्णय सभागृहात दोन ओळींच्या ठरावाने होतात.

चौथा विषय स्मशानभूमीचा. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या ज्या अठरा बाबी आहेत, त्यात दफनभूमी आणि स्मशानभूमी येते. दुर्बल घटकांच्या हितरक्षणाची बाबही त्याच यादीत आहे. तरीही अनेक लहान शहरांत जातवार स्मशाने आहेत. एकीकडे शेड, पाणी, दिवे आणि दुसरीकडे नाल्याकाठची उघडी जागा. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चे कलम ४ आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या तरतुदी याबाबत स्पष्ट आहेत. मेल्यावरही विटाळ पाळणाऱ्या गावाला नगर परिषदेने विकासाचे पुरस्कार मिळविणे ही शरमेची गोष्ट आहे.

पाचवा विषय जागेचा, आणि आम्ही तो सर्वांत गंभीर मानतो. आमच्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या सरकारी किंवा नगर परिषदेच्या जागेवर आहेत. घरपट्टीची पावती आहे म्हणून घर आपले, असा आमच्या लोकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. घरपट्टीची पावती मालकी हक्काचा पुरावा होत नाही. मालकीचा कागद नसला की आवास योजनेचे अनुदानही अडते. सरकारी जागेवरील जुनी निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे शासनाचे धोरण आहे, पण मोजणी, याद्या आणि प्रस्ताव हे काम नगर परिषदेने हलविल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यातच शहराचा विकास आराखडा येतो. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि ठराविक मुदतीत हरकती मागविल्या जातात. बिल्डर आणि जमीनमालक पहिल्याच दिवशी नकाशा पाहतात. आमच्या वस्तीवर बागेचे किंवा रस्त्याचे आरक्षण पडल्याचे आम्हाला कळते, तेव्हा हरकतीची मुदत संपलेली असते. मग कार्यकर्ते वकिलाकडे धावतात. मुदत उलटल्यानंतर वकिलाच्या हातात फार थोडे उरते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

यावर उपाय मोठा नाही आणि खर्चाचाही नाही. प्रत्येक गावात पाच जणांचा एक अभ्यासगट करावा. त्यात एक वकील किंवा कायद्याचा विद्यार्थी, एक शिक्षक, एक सफाई कामगार आणि दोन महिला असाव्यात. गटातटाचे जोडे बुद्धविहाराबाहेर काढून त्यांनी एकत्र बसावे. नगर परिषदेची सभा कायद्याने सर्वसाधारणपणे जनतेला खुली असते. प्रत्येक सभेला दोघांनी जाऊन बसावे, वही काढून टिपणे घ्यावीत. सभेआधी विषयपत्रिका मिळवावी आणि आमच्या नगरसेवकाला समजावून सांगावी. सभेनंतर इतिवृत्ताची नक्कल काढावी आणि रविवारच्या वंदनेनंतर विहारात ती वाचून दाखवावी. बेकायदेशीर किंवा लोकहिताविरुद्ध ठराव झाला, तर १९६५ च्या नगर परिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्यांच्याकडे वेळेत अर्ज द्यावा. प्रारूप आराखडा, अंदाजपत्रक आणि ठेके यांच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात. हे काम मोर्च्याइतके गाजत नाही, वर्तमानपत्रात त्याचे फोटो येत नाहीत. पण बाबासाहेबांनी महाडचा दावा दहा वर्षे असाच चिकाटीने, तारखेमागून तारीख लढविला होता.

नगरसेवक बंधू-भगिनींनाही आमचे सांगणे आहे. तुम्ही कोणत्या पक्षाचे हे आम्ही विचारीत नाही. ज्या खुर्चीवर तुम्ही बसला आहात, ती खुर्ची कोणत्या पक्षाने दिलेली नाही, ती संविधानाने दिली आहे. सभागृहात पाच वर्षांत एकदाही तुमचा विरोध इतिवृत्तात नोंदला गेला नाही, तर समाजाने पुन्हा तुमच्यासाठी रांगेत का उभे राहावे?

२० मार्च २०२७ ही चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शताब्दी. त्या दिवशी लाखो लोक महाडला जातील, क्रांतिभूमीला अभिवादन करतील. आम्हीही जाऊ. पण शताब्दीचे अभिवादन करताना आपल्या गावच्या नगर परिषदेच्या दप्तरात १९२४ च्या ठरावासारखे किती ठराव पडून आहेत, याची यादी प्रत्येक शाखेने सोबत आणावी. मंजूर झालेली पण न टाकलेली जलवाहिनी, तरतूद झालेला पण न खर्चलेला निधी, पाठविलेला पण न हललेला जागेचा प्रस्ताव. आणि महाडहून परत आल्यावर ती यादी घेऊन पहिल्याच सर्वसाधारण सभेला नगर परिषदेत जावे.

जय भीम!